पाणलोटाच्या कामात कुणाला, काय आणि केव्हा सांगावे

(आकाशवाणीवरील शेतकरी बांधवांच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



समतल चर किती रुंद काढावेत, बांधाला माथा किती ठेवावा, अनघड दगडी बांध कुठे घालावा, याविषयी या कार्यक्रमात आपण पुष्कळ वेळा ऐकले असेल. आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे तिला अंदाजपत्रकात रकाना नसतो. माती किती, दगड किती, मजुरी किती, सारे तिथे लिहिलेले असते. काम ज्यांच्या रानातून जाणार, ज्यांच्या हातून होणार आणि ज्यांच्या विहिरीला त्याचे पाणी लागणार, त्यांच्याशी कुणी, कुठे आणि केव्हा बोलायचे हे मात्र लिहिलेले नसते. म्हणून ते राहून जाते. माझ्याकडून राहिले होते, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

पर्जन्यछायेतल्या एका तालुक्यात माझी नवी नेमणूक होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. पाणलोटाचा आराखडा तयार होता, मंजुरी आली होती, नकाशा माझ्याच हातचा होता आणि मला त्याचा अभिमान होता. ग्रामसभेत मी तो 20 मिनिटांत वाचून दाखवला. "सलग समतल चर 18 हेक्टर, ढाळीचे बांध, माती नाला बांध 2" असे भराभर वाचत गेलो. कुणी काही विचारले नाही. मला वाटले, सर्वांना पटले. सह्या झाल्या, चहा झाला, आणि एप्रिलच्या शेवटी आम्ही डोंगराला मशीन लावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तो डोंगरावर मशीनपुढे दोनशे मेंढरे बसलेली. त्यांच्यामागे काठीला टेकून एक आबा उभे. चर काढायचे, झाडे लावायची, म्हणजे चराई बंद, हे त्यांना आदल्या दिवशी मशीनवाल्याकडून कळले होते. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, झाडं वाढतील तवा वाढतील. तवर मेंढरांनी काय धोंडं खायचे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या नकाशावर नव्हते. मेंढपाळांची वस्ती गावठाणापासून दीड कोसावर. ग्रामसभेची दवंडी तिथवर पोचली नव्हती, आणि ती पोचत नाही हे गावात सर्वांना ठाऊक होते. फक्त मी विचारले नव्हते. मशीन नऊ दिवस उभे राहिले. त्या नऊ दिवसांचे भाडे कुठे धरायचे म्हणून कार्यालयात मला जे ऐकावे लागले ते सोडून देतो.

दुसरी चूक पावसाळ्यात उघडी पडली, आणि ती अधिक महागात पडली. एका बाईंच्या अडीच एकराच्या रानाला आम्ही बांध घातला होता. पती वारलेले, रान त्या स्वतः कसायच्या. सात-बारावर दिराचेही नाव असल्याने संमतीच्या कागदावर त्याची सही घेतली होती. सांडवा मी पूर्वेच्या टोकाला ठेवला, कारण नकाशात उतार तिकडे होता. पण दोन वर्षांपूर्वी वरच्या शेतकऱ्याने आपल्या रानातली घळ बुजवली होती, त्यामुळे मोठ्या पावसाचे पाणी आता पश्चिमेकडून येत होते. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. सांडव्याकडे जायचे सोडून पाणी पश्चिमेच्या कोपऱ्यात तुंबले, चार दिवस बाजरीत उभे राहिले, आणि पाचव्या दिवशी बांध फुटून खालच्या शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपावरून गेला. बाजरी पिवळी पडली ती पडलीच. मी गेलो तेव्हा बाई बांधाच्या खिंडारापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "कागदावर दिराची सही घेतली तुम्ही. तो पुण्याला असतो. पाणी कुठनं येतं ते त्याला ठावं नाही. मला ठावं होतं, पण मला कुणी इचारलंच न्हाई."

माथ्यावरचे आणि पायथ्याचे

काम गावाच्या भल्याचे आहे, मग विचारायचे काय, असे आपल्याला वाटते. इथे एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. पाणलोटाच्या कामात नफा आणि तोटा सर्वांना सारखा वाटला जात नाही. चर माथ्यावर काढायचे, चराई माथ्यावर बंद करायची, आणि विहिरींना पाणी वाढायचे ते बहुतेक पायथ्याला. माथ्यावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची बांधात जमीन जाते, मेंढपाळाची चराई जाते, आणि खाली बागाईत असणाऱ्याची मोटार दोन महिने जास्त चालते. काम गावाचे म्हटले तरी वरचा माणूस मनात हा हिशेब करतोच. तो सभेत बोलत नाही, कारण सभेत पुढे बसलेले बहुधा पायथ्याचे असतात. त्याच्या गप्प बसण्याला संमती समजू नये.

म्हणून पहिली भेट माथ्यावरच्या वस्तीला द्यावी, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. तिथे जाऊन त्यांचे काय जाणार ते आपणच आधी सांगावे. अधिकाऱ्याने तोटा आपल्या तोंडाने सांगितला की मग फायद्याचे बोलणेही लोक ऐकतात. त्या बदल्यात त्यांना काय देता येईल हेही तिथेच बोलावे. कामावरची मजुरी आधी त्यांना, गवत कापून नेण्याचा हक्क त्यांना, रोपवाटिकेचे काम त्यांच्या बायकांना, असे काहीतरी हातात घेऊन जावे. रिकाम्या हाताने नुसते समजावायला गेलात तर आबांसारखा माणूस एका वाक्यात गप्प करील.

ज्या गावांची नावे आपण नेहमी घेतो तिथे नेमके हेच झालेले दिसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढे गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. पण गवत बंद केले नाही. मोकाट चारण्यास मनाई, विळ्याने कापून नेण्यास मोकळीक. जनावर असणाऱ्याला आपला चारा कुठून येणार ते कळले. तिथे पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरतात. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांचा नियम बघा: पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. दर माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला फार तर अडीच एकर, ऊस घ्यायचा नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. अख्खी योजना बाजाराला जाता जाता एकाने दुसऱ्याला सांगावी इतक्या थोडक्यात मावते. आमच्या आराखड्यांना 60-60 पाने असतात आणि गावात विचाराल तर कुणाला त्यातले एक वाक्य सांगता येत नाही.

सांगायचे ते कोणत्या मापात?

हेक्टर, घनमीटर, सहस्र घनमीटर ही मापे कार्यालयात ठेवून यावे. मी आता गावात असे सांगतो: एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे दहा टँकर. एवढे म्हटले की मागे बसलेला म्हाताराही मान वर करतो, कारण टँकरपुढे घागरी घेऊन उभे राहण्यात त्याचे उन्हाळे गेलेले असतात. मग आपल्या डोंगराचे एकर किती, पाऊस किती इंच, आणि त्यातले किती टँकर दर वर्षी ओढ्याने निघून जातात, हा हिशेब लोक स्वतःच करू लागतात. हे गणित मी फळ्यावर शाळेतल्या मुलीकडून करून घेतो. गावची पोर करते तेव्हा चुकीवर हसतात, बरोबर आले तर टाळ्या वाजवतात. अधिकाऱ्याने केले तर नुसते बघत राहतात.

शिवारफेरी हा शब्द आता सर्वांना माहीत आहे. त्या गावात आम्ही शिवारफेरी केली होती, पण जीपमधून. जीप जाते तिथेच शिवार संपते असे होऊन बसते. फेरी पायी करावी, ओढ्याच्या उगमापासून खाली यावे, आणि ज्याच्या रानात पाय ठेवला तो धनी आणि ती कारभारीण दोघेही त्या वेळी रानात असावेत. एका गटाला अर्धा तास लागला तरी चालेल. "मोठ्या पावसात पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं?" हा एकच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारावा. पुष्कळदा दोन उत्तरे येतात. पुरुष बांधावरचे सांगतो. बाई खुरपणीच्या वेळी पाय कुठे रुततो ते सांगते. सांडव्याची जागा ठरवायला मला दुसरे उत्तर जास्त उपयोगी पडले आहे. ठरलेल्या जागी तिथल्या तिथे चुन्याची खूण करावी आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे रानातच घ्यावेत. पुण्या-मुंबईला असणाऱ्या भावाबंदांना फोन करून सांगावेच, कारण कायद्याने त्यांचीही संमती लागते. पण कसणाऱ्याला वगळू नये.

सभेची वेळ आणि जागा यांवरही पुष्कळ अवलंबून असते. सकाळी दुधाची घाई, दुपारी रान, म्हणून पुरुषांना रात्री आठनंतर सोयीचे. बायकांना तीच वेळ स्वयंपाकाची. त्यांच्यासाठी बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी अर्धा तास मागून घ्यावा. जागा देवळाची किंवा शाळेची धरावी. एखाद्या पुढाऱ्याच्या ओट्यावर सभा ठेवली की विरुद्ध बाजूचे वीस उंबरे आपण होऊन वजा होतात, आणि ते वीस उंबरे नेमके नाल्याच्या काठचे निघतात, हा माझा अनुभव.

आता सर्वांच्या हातात मोबाइल आला आहे. गावाचा व्हॉट्सअॅप गट असतो, त्यावर सूचना टाकली की आपले काम झाले असे आम्हां लोकांना वाटू लागले आहे. सूचना जरूर टाकावी. पण तो फोन घरात कुणाच्या हातात असतो ते पाहावे. बहुधा थोरल्या मुलाच्या, आणि मुलगा तालुक्याला कंपनीत. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे त्याने पाहिले, त्याच्या आईने नव्हे. वस्तीवर निरोप पाठवायचा तर दूध गोळा करणारा गडी अजूनही सर्वांत भरवशाचा. तो रोज जातो आणि प्रत्येक दारात थांबतो.

कामावरच्या माणसांशी

गावकऱ्यांशी बोलणे निदान लक्षात तरी राहते. ज्यांच्या हातून काम व्हायचे त्यांच्याशी बोलायचे असते हे आपण विसरतो. मुकादम, मशीनचालक, मजूर, समितीचा सचिव, हे सारे आपापल्या परीने काम करत असतात आणि प्रत्येकाला अर्धेच ठाऊक असते. त्या डोंगरावर आम्ही ए-फ्रेमने समतल रेषा आखून फक्की मारली होती. दिवसाच्या चालकाला मी सगळे दाखवले. रात्रीच्या पाळीला दुसरा आला. मेंढरांच्या पायांनी फक्की पुसली होती. त्याने डोळ्याच्या अंदाजाने सरळ चर ओढला, तो उताराला तिरपा गेला. अशा चरात पाणी थांबत नाही, एका टोकाला धावते आणि तिथे नवी घळ पाडते. साठ फूट चर बुजवून पुन्हा काढावा लागला. चालकाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. चर आडवा आणि समपातळीतच का पाहिजे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. नंतर त्याला उतारावर बसवून एक कळशी पाणी ओतून दाखवले. पुढे तोच दुसऱ्यांच्या चुका काढू लागला.

तेव्हापासून मी रोज सकाळी कामावर पंधरा मिनिटे सर्वांना उभ्या-उभ्याच एकत्र करतो. काल किती झाले, आज कुठून कुठवर, आणि कुणाला काय अडचण. शेवटचा प्रश्न विचारून गप्प राहावे लागते. आपणच बोलत सुटलो तर अडचण पोटात राहते. चुन्याच्या खुणांबरोबर आता दगडही मांडतो, मेंढरांना ते पुसता येत नाहीत.

मापाचे भांडण हे दुसरे. मजुरी मापावर असेल तर पहिल्या दिवशी एक नमुना चर सर्वांसमक्ष काढावा. दोन फूट रुंद, एक फूट खोल, पन्नास फूट लांब काढला की एक ब्रास माती निघाली. दोरी मुकादमाच्याही हातात द्यावी आणि एखाद्या मजुराच्याही. रोजगार हमीच्या कामावर हात मळलेले जुने मुकादम हे तोंडी सांगतात, पण नवी पोरे माप कसे घेतात ते जाणत नाहीत आणि शनिवारी पैसे कमी आले की फसवल्याची भावना होते. नमुना चर बुजवू नये, काम संपेपर्यंत तसाच ठेवावा.

पैशाविषयी एक कटू अनुभव. दुसरा हप्ता यायला उशीर झाला. मला वाटले, चार दिवसांत येईल, कशाला लोकांना घाबरवा. चार दिवसांचे तीन आठवडे झाले. बाजाराच्या दिवशी मजुरांच्या हातात पैसा नाही, आणि गावात बातमी उठली की साहेबांनी खाल्ले. दोष बातमी उठवणाऱ्यांचा म्हणणार नाही. खरी बातमी दिली नाही तर रिकाम्या जागी खोटी येऊन बसते. आता हप्ता लांबणार असे कळले की मी बाजाराच्या आदल्या दिवशीच कामावर जाऊन सांगतो, कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची प्रत फळ्यावर लावतो, आणि दुकानदारालाही सांगतो, कारण उधारी त्याची थांबते. लोक रागावतात. पण कामावर येतात.

वरच्या कार्यालयाशी बोलण्याची गोष्ट वेगळी. "योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती" असे लिहून आम्ही पत्र पाठवतो आणि वाट पाहतो. योग्य कार्यवाही कोणती, हे पत्र वाचणाऱ्याने ओळखायचे! सरळ लिहावे: काम इतके झाले, इतके राहिले, मृगाच्या आत बांध पुरे झाले नाहीत तर मोकळी माती पहिल्या पावसात वाहून जाईल, म्हणून अमुक रक्कम अमुक तारखेच्या आत पाहिजे. सोबत दोन फोटो. पत्र एका पानाचे. गावच्या समितीनेही अध्यक्ष व सचिवांच्या सहीने असेच पत्र पाठवावे आणि त्याची पोच घ्यावी. पोच फार कामाला येते.

आता त्या गावाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मशीन उभे होते त्या नऊ दिवसांत सरपंच, आबा आणि मी तीनदा वस्तीवर बसलो. डोंगराचे तीन भाग करायचे ठरले. एका वेळी एकच भाग तीन वर्षे बंद, दोन चराईला मोकळे. बंद भागातले गवत कापायचा पहिला मान वस्तीचा. माझ्या आराखड्यात सगळा डोंगर एकदम बंद होता, त्यामुळे तो बदलून पुन्हा मंजुरीला पाठवावा लागला. चर सगळीकडे निघाले, झाडे थोडी उशिरा लागली. पण पहिल्या भागाची राखण वस्तीनेच केली. राखणदाराचा पगार धरला होता तो वाचला.

बाईंच्या रानात दिवाळीनंतर गेलो. वरचा शेतकरी, खालचा कांदावाला शेजारी आणि त्या, तिघांना एकत्र उभे केले. वरच्याने आधी घळ बुजवल्याचे नाकारले, मग शेजाऱ्याने जागाच दाखवल्यावर कबूल केले. बाईंनी पश्चिमेच्या कोपऱ्यात काठी रोवली. तिथे दगडी सांडवा घातला, त्याला दगड वरच्या शेतकऱ्याने आपल्या बैलगाडीतून आणून दिले. पुढच्या पावसाळ्यात बांध राहिला. गेलेल्या बाजरीची भरपाई मात्र कोणत्याही योजनेत बसली नाही, आणि ती मला देता आली नाही.

आपल्या गावात यंदा असे काम निघणार असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन आराखडा पाहायला मागा, आपल्या गटात काय धरले आहे ते वाचून घ्या, आणि पायी शिवारफेरी कोणत्या दिवशी आहे ते विचारा. त्या दिवशी दोघेही रानात हजर राहा, आणि मोठ्या पावसाचे पाणी कुठून येते ते बोट करून दाखवा.